परफॉर्मन्स इंजिनचं मशीन शॉपचं काम: पैसे देण्याआधी या चुका टाळा

इंजिन नव्याने बांधायला काढलं की मशीन शॉपला पहिला प्रश्न जातो, "एकूण किती लागतील?" ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य सांगाडा) अजून गाडीतच असतो, हेड (त्यावर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडलेलं नसतं, क्रँकची (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याची) स्थिती कुणी पाहिलेली नसते. तरी समोरून एक आकडा येतो, दुसऱ्या शॉपमधून दुसरा येतो आणि आपण कमी आकड्याकडे वळतो. पहिली चूक इथेच होते, कारण त्या दोन आकड्यांत एकच काम मोजलेलं नसतं. एकाने 'बोअरिंग' म्हटलं त्यात होनिंग (दगडाने घासून शेवटचा हात देणं), धुलाई आणि ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढून साफ करणं धरलेलं असतं. दुसऱ्याने फक्त बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, मोठा करण्याची मजुरी सांगितलेली असते.

काम दोन टप्प्यांत ठरवा. आधी फक्त तपासणी: सगळं उघडून धुणं, तडे शोधणं, मापं घेणं. त्याची मजुरी वेगळी द्या, त्यात घासाघीस करू नका. तो मापांचा कागद हातात आला की मगच पुढच्या कामाचं कोटेशन मागा, तेही कामागणिक. तडे शोधण्याचं काम सगळ्यात आधी व्हायला हवं. बोअरिंग झाल्यावर वॉटर जॅकेटला (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला) तडा सापडला, तर बोअरिंगचे पैसे गेले ते गेलेच. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चुंबकीय पावडरची तपासणी लोखंड आणि पोलादावरच चालते. ॲल्युमिनियमचं हेड असेल तर डाय पेनेट्रंट (तड्यात शिरणारा रंग लावून पाहणं) आणि प्रेशर टेस्ट लागते. बोअर बराच मोठा करायचा असेल तर भिंतीची जाडी अल्ट्रासोनिकने मोजून घ्या. ओतकामात गाभा थोडा सरकलेला असला तर एक बाजू जाड आणि दुसरी पातळ निघते, आणि हे बाहेरून दिसत नाही.

पिस्टन आधी आणून ठेवणं

सवलतीत मिळाले म्हणून ०.५० मिमी ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा तेवढे मोठे) पिस्टन घेऊन ठेवायचे आणि मग ब्लॉक द्यायचा, असं बरेच जण करतात. मग मापात कळतं की एका बोअरमधला ओरखडा ०.५० मिमी मोठा केला तरी निघतच नाही. क्रम असा ठेवा: आधी माप, मग पिस्टनची ऑर्डर, आणि पिस्टन शॉपच्या हातात पडल्यावरच शेवटचं होनिंग. प्रत्येक पिस्टन मोजून त्याचा बोअर त्याला जुळवायचा असतो. फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) पिस्टनमध्येही फरक आहे. २६१८ मिश्रधातूत सिलिकॉन अगदी कमी असतं, तो तापल्यावर जास्त फुगतो आणि त्याला जास्त क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळी फट) लागतो. ४०३२ मध्ये सिलिकॉन सुमारे १२ टक्के असतं, तो कमी फुगतो. म्हणून "आम्ही सगळ्याला एवढंच ठेवतो" असं उत्तर आलं तर सावध व्हा. क्लिअरन्स किती ठेवायचा आणि स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूच्या भिंतीवर) नेमकं कुठे मोजायचं, हे पिस्टनच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद पिस्टनसोबत शॉपला द्या.

एक भाग बदलला की मागून येणारा खर्च न धरणं

बजेट सगळ्यात जास्त इथे कोलमडतं. कनेक्टिंग रॉडचे (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट चांगल्या प्रतीचे घातले, छान झालं. पण नवा बोल्ट जुन्यापेक्षा जास्त जोराने आवळला जातो, त्याने बिग एंडचा (रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकाचा) गोल बदलतो, म्हणून रॉड रिसाइझ करावे, म्हणजे ते भोक पुन्हा मापात गोल करावे लागतात. मेन कॅपला (क्रँक ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या टोपीला) बोल्टऐवजी स्टड घातले तरी तेच. मात्र इथे उलट चूकही होते. स्टड बदलले की लगेच लाइन बोअरिंग (क्रँक बसायची सगळी भोकं, म्हणजे मेन बोअर, एका रेषेत कापणं) करून टाकायचं, असं नाही. नवे स्टड ठरल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळून मेन बोअर मोजायचे, आणि गोल किंवा सरळ रेषा बिघडलेली दिसली तरच होन मारायचा. कारण लाइन बोअरिंगमध्ये धातू निघाला की क्रँक थोडा वर, कॅमकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याकडे) सरकतो आणि टायमिंग चेन सैल पडते. सरळ असलेल्या मेन लाइनला हात लावण्यासाठी पैसे देऊ नका.

डेक, म्हणजे ब्लॉकचा हेड बसतो तो वरचा सपाट भाग, स्किम करणं (पातळ थर कापून सपाट करणं) सगळ्यांना स्वस्त वाटतं, "थोडंसं घासून घेऊ". समजा बोअर ८६ मिमी, स्ट्रोक ८६ मिमी. एका सिलिंडरचं आकारमान जवळपास ५०० सीसी झालं. पिस्टन वर असताना उरलेली जागा ५० सीसी असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे एकूण जागा भागिले उरलेली जागा, ११. आता डेकवरून ०.५ मिमी काढले. त्या बोअरचं क्षेत्रफळ सुमारे ५८ चौ. सेंमी, म्हणजे २.९ सीसी जागा कमी झाली. कॉम्प्रेशन ११.६ वर गेलं. जे पेट्रोल तुम्ही रोज भरणार आहात त्यावर ते चालेल का, हे स्किमच्या आधी ठरवायचं असतं. शिवाय पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या ०.५ मिमी जवळ आले. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेड खाली आल्याने कॅमचं टायमिंगही थोडं मागे जातं. ते परत आणायला ॲडजस्टेबल कॅम गिअर लागला, की स्किमचा खरा खर्च तो धरून मोजावा लागतो.

कामाचा क्रमही विचारा. आधी मेन लाइन, मग डेक, मग बोअर. डेक आणि बोअर दोन्ही क्रँकच्या मध्यरेषेवरून मोजले जातात. ती रेषाच नंतर बदलली तर आधीचं काम तिरकं ठरतं.

चकाकी पाहून काम पास करणं

ताजा होन केलेला बोअर सुंदर दिसतो. क्रॉसहॅचच्या (होनच्या तिरक्या) रेघा एकमेकांना साधारण ४५ अंशांत छेदताना दिसल्या की मन खूश होतं. पण बोअर लंबगोल आहे की नाही हे त्या रेघा सांगत नाहीत. बोअर तीन उंचींवर मोजा: रिंगा वळतात तिथे वर, मध्ये आणि खाली. प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना, क्रँकच्या रेषेत आणि तिला काटकोनात. म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं, चार सिलिंडरची चोवीस. परफॉर्मन्स कामात वर-खाली आणि आडव्या-उभ्यातला फरक ०.०१ मिमीच्या आसपास राहावा, अशी अपेक्षा ठेवणं रास्त आहे.

टॉर्क प्लेट वापरली का, हे नक्की विचारा. हेड आवळल्यावर बोल्टच्या ताणाने बोअरचा आकार बदलतो. जाड प्लेट तेच गास्केट, तेच बोल्ट आणि तोच टॉर्क लावून बसवली आणि मग होन केलं, तर इंजिन चालताना बोअर गोल राहतो. कोटेशनमध्ये ही ओळ वाढीव वाटते, पण एखादीच गोष्ट परवडणार असेल तर मी हीच निवडेन. मात्र एक गंमत समजून घ्या: असा ब्लॉक प्लेट काढून मोजला तर तो किंचित लंबगोल दिसणारच. तेव्हा माप प्लेट लावलेली असतानाच, शॉपमध्ये उभं राहून घ्या.

मापाच्या तापमानाचं आता सांगतो, कारण यावरून मी स्वतः एकदा चुकीचं भांडण काढणार होतो. बोअर सांगितल्यापेक्षा ०.०२ मिमी मोठा येत होता. चारही बोअरमध्ये तेवढाच. गेज पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा तेच. ब्लॉक परत न्यायचं ठरवत होतो, तेवढ्यात डेकवर हात टेकला आणि तो कोमट लागला. धुलाईच्या गरम टाकीतून तो नुकताच निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजला तेव्हा आकडे कागदाशी जुळले. ८६ मिमीचा ओतीव लोखंडाचा बोअर दर १० अंश सेल्सिअसला साधारण ०.०१ मिमी वाढतो, ॲल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. मापाचं प्रमाण तापमान २० अंश धरतात. ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत रात्रभर ठेवा आणि मग मोजा.

धुऊन आलंय म्हणजे स्वच्छ आहे, असं समजणं

होनिंगच्या दगडाची पूड रेघांमध्ये बसलेली असते. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसलं तर तेल निघतं, पूड तिथेच राहते. गरम पाणी, साबण आणि कडक ब्रश लागतो, आणि तोही हात दुखेपर्यंत. मग कोरडं करून लगेच तेल लावा, नाहीतर थोड्याच वेळात गंज धरतो. आता पांढरं कापड तेलात भिजवून बोअरमधून फिरवा. राखाडी डाग आला की पुन्हा पाणी आणि साबण. शॉपने कितीही खात्री दिली असली तरी हे मी दर वेळी स्वतः करतो, आणि पहिलं कापड पांढरं निघालंय असं मला आठवत नाही. ऑइल गॅलरीतही लांब ब्रश घाला. क्रँकच्या तेलाच्या भोकांतली ग्राइंडिंगची पूड सर्वात आधी बेअरिंगवर जाते.

क्रँक, बॅलन्सिंग आणि व्हॉल्व्ह

ग्राइंड केलेल्या क्रँकमध्ये जर्नलचा (बेअरिंगवर फिरणाऱ्या गोल भागाचा) व्यास सगळे मोजतात, फिलेट कुणी पाहत नाही. जर्नल जिथे बाजूच्या भिंतीला मिळतो तिथला गोलवा मूळइतका ठेवलेला नसेल, टोकदार कोपरा राहिला असेल, तर क्रँकला तडा तिथूनच सुरू होतो. तेलाच्या भोकांच्या कडाही मऊ केलेल्या हव्यात. क्रँक नायट्राइड केलेला (नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण केलेला) असेल तर ग्राइंडिंगने कठीण थर निघून जाऊ शकतो. पुन्हा नायट्रायडिंगचा खर्च त्याच वेळी विचारून ठेवा.

बॅलन्सिंग (फिरणाऱ्या भागांचं वजन सारखं वाटून घेणं) टाळावं का, असं विचारणाऱ्याला मी एकच हिशेब दाखवतो. केंद्रापासून ८० मिमीवर १० ग्रॅम जास्त असतील तर ६००० आरपीएमला ते सुमारे ३२ किलोच्या वजनाइतकं ओढतात, ८००० ला ५७ किलो. वेग वाढतो तसं बल वर्गाने वाढतं. म्हणून इंजिन किती आरपीएमला चालवणार, यावर बॅलन्सिंगची गरज ठरते. सरळ चार सिलिंडरच्या इंजिनाला बॉबवेट (बॅलन्स करताना पिस्टन-रॉडऐवजी क्रँकवर लावायची वजनं) लागत नाहीत, व्ही इंजिनाला लागतात, आणि क्रँक हलका पडला तर टंगस्टनचे तुकडे बसवावे लागतात. त्यांचा खर्च मूळ कोटेशनमध्ये सहसा नसतो.

व्हॉल्व्हचं थोडक्यात: गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) आधी, सीट (व्हॉल्व्ह जिथे बंद बसतो ती कड) नंतर. झिजलेल्या गाईडवर केलेली सीट मध्यात येत नाही. व्हॅक्यूम टेस्टचे (हवा ओढून व्हॉल्व्ह गळतो का ते पाहण्याचे) आकडे मागा.

मापं न लिहिता सामान ताब्यात घेणं

बोअरची सहा-सहा मापं, पिस्टनची मापं, मेन आणि रॉड जर्नल, बेअरिंग क्लिअरन्स, डेकची उंची आणि सपाटी, प्रत्येक पिस्टन-रॉडचं वजन. एवढं कागदावर मिळत नसेल तर बिल देण्याआधी थांबा. चांगलं शॉप हा कागद न मागता देतं.

मग घरी स्वतः तपासा. बेअरिंग क्लिअरन्स जर्नलच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या हिश्श्याइतका असतो, ५० मिमीला ०.०५ मिमी. मायक्रोमीटर नसेल तर प्लास्टिगेज (दाबल्यावर किती चपटी झाली त्यावरून फट सांगणारी मऊ पट्टी) वापरा, पण कॅप आवळलेली असताना क्रँक फिरवू नका, पट्टी फाटते आणि आकडा खोटा येतो. रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) बोअरमध्ये रिंग तिरकी न होता सरळ बसवून पाहा. आकडा जुळला नाही तर काहीही न जोडता, न घासता, ब्लॉक आहे तसा शॉपला न्या आणि दोघांच्या गेजने समोरासमोर मोजा. दोन्ही गेज आधी एकाच मायक्रोमीटरवर लावून घ्या. हे इंजिन जोडण्याआधीच करायला हवं. एकदा इंजिन चालू झालं की चूक होनिंगची की जोडणीची, हे बोअर पाहून कुणालाच सांगता येत नाही.