द्राक्षांचा कंटेनर नाशिकहून रॉटरडॅमला: सेन्सर कुठे लावावा, माहिती कोणाला द्यावी

दिंडोरी किंवा निफाडच्या पॅकहाउसमधून निघालेला द्राक्षांचा रीफर (म्हणजे शीतयंत्र असलेला) कंटेनर रॉटरडॅमच्या शीतगृहात पोहोचेपर्यंत ट्रान्सपोर्टर, कस्टम हाउस एजंट, न्हावा शेवाचे टर्मिनल, शिपिंग लाइन आणि आयातदार अशा अनेकांच्या ताब्यातून जातो. यांतील प्रत्येकाकडे त्या कंटेनरची थोडी थोडी माहिती असते आणि ती बहुधा त्याच्यापाशीच राहते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे बहुतेक मोठ्या लाइनींनी केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. तेव्हापासून ही विखुरलेली माहिती वेळेत एकत्र आणणे लहान निर्यातदारालाही टाळता येत नाही.

उपकरण विकत घेण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखावेत: कोणती सूचना, ती कोणाच्या मोबाइलवर जाणार आणि तो माणूस तासाभरात काय करू शकतो. तिसरा रकाना भरताना बऱ्याच गोष्टी उघड होतात. कंटेनर भर समुद्रात असताना तापमान वाढल्याची सूचना आली, तर निर्यातदार लाइनला कळवण्यापलीकडे काही करू शकत नाही, कारण यंत्र दुरुस्त करणे जहाजावरच्या लोकांच्याच हातात असते. याउलट पॅकहाउस ते बंदर या दोनशेच्या आसपास किलोमीटरच्या रस्त्यावर एका फोनने माल वाचू शकतो. म्हणून पैसे मोजकेच असतील, तर ते या पहिल्या टप्प्यावर खर्च करावेत असे माझे मत आहे. समुद्रातील नकाशावर सरकणारा ठिपका पाहायला बरा वाटतो, पण त्याने द्राक्षे थंड राहत नाहीत.

आता लॉगरच्या, म्हणजे तापमान नोंदवत राहणाऱ्या छोट्या उपकरणाच्या, जागेकडे वळू. रीफरमध्ये थंड हवा यंत्राकडून जमिनीच्या खाचांतून पुढे जाते, पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून परत येते. त्यामुळे दरवाजाजवळच्या शेवटच्या पॅलेटचा वरचा थर सहसा सर्वांत उबदार असतो. एकच लॉगर असेल तर तो तिथल्या पेटीत ठेवावा. यंत्राजवळ जमिनीलगत ठेवलेला लॉगर सदैव उत्तम आकडे दाखवतो आणि नेमके हेच त्याचे वाईट आहे. द्राक्षांसाठी उणे अर्धा ते शून्य अंश सेल्सिअस हे तापमान मानले जाते, पण रीफरचे यंत्र थंड माल थंड ठेवण्यासाठी बनवलेले असते, गरम माल थंड करण्यासाठी नव्हे. तेव्हा प्री-कूलिंग, म्हणजे माल भरण्याआधी थंड करणे, पूर्ण झाल्यावर मण्यात प्रोब खुपसून गराचे तापमान घ्यावे, तो आकडा दिसेल असा फोटो काढावा आणि मगच दरवाजा बंद करावा. पुढच्या कोणत्याही वादात हा फोटो सर्वांत आधी मागितला जातो.

धातूच्या पेटीतून मोबाइलचा सिग्नल नीट बाहेर पडत नाही. म्हणून रस्त्यावर तत्काळ सूचना हवी असल्यास सिम असलेले उपकरण दरवाजाच्या बाहेरच्या बाजूस किंवा जेनसेटवर (वीज देणाऱ्या जनरेटरवर) असावे आणि आतल्या सेन्सरने त्याच्याशी ब्लूटूथने बोलावे. ट्रेलरवर रीफरला वीज जेनसेटमधूनच मिळते. त्यामुळे ‘जेनसेट बंद’ ही सूचना तापमानाच्या सूचनेपेक्षा आधी येते आणि जास्त उपयोगी पडते. तापमानाच्या सूचनेला मात्र वेळेची अट जोडावी. डीफ्रॉस्टच्या वेळी, म्हणजे यंत्रावर साचलेला बर्फ वितळवताना, परतीच्या हवेचे तापमान थोडा वेळ वर जाणे नैसर्गिक आहे. प्रत्येक चढाला फोन वाजू लागला, तर आठवड्याभरात ज्याच्याकडे फोन आहे तो आवाजच बंद करून ठेवतो. मर्यादा ओलांडून तासभर गेल्यावरच सूचना यावी, अशी मांडणी आम्ही ठेवली आहे.

वेळेबद्दल एक अनुभव सांगणे आवश्यक आहे. एका हंगामात लॉगरच्या फाइलमध्ये रात्री २१:१० पासून तापमान चढलेले दिसले. त्या वेळी कंटेनर आमच्याच पॅकहाउसमध्ये प्लगवर होता, म्हणून दोष आमच्या माथी आला. दोन दिवसांनी लक्षात आले की फाइल जागतिक प्रमाणवेळेत होती. साडेपाच तास मिळवल्यावर ती वेळ पहाटेची २:४० झाली आणि ट्रान्सपोर्टरच्या जीपीएसनुसार त्या वेळी गाडी कसाऱ्याजवळच्या एका ढाब्यावर जेनसेट बंद करून उभी होती. तेव्हापासून आमच्या प्रत्येक नोंदीत वेळेबरोबर कोणती प्रमाणवेळ तेही लिहिले जाते. नेदरलँड्समध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर पुढे जातात आणि तो दिवस नेमका द्राक्षांच्या हंगामात येतो, हेही ध्यानात ठेवावे.

माहितीची देवाणघेवाण करताना सर्वांनी एकच भाषा वापरावी लागते. कंटेनरची ओळख आयएसओ ६३४६ नुसारच्या पूर्ण क्रमांकाने करावी, म्हणजे चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटचा पडताळणी अंक. हा शेवटचा अंक गाळला, तर टायपिंगमधली चूक पकडण्याची सोयच नाहीशी होते. ठिकाणांसाठी संयुक्त राष्ट्रांचे कोड वापरावेत: न्हावा शेवासाठी ‘आयएनएनएसए’ आणि रॉटरडॅमसाठी ‘एनएलआरटीएम’. मोठ्या लाइनींनी २०१९ मध्ये स्थापन केलेल्या डीसीएसए या संस्थेच्या मानकांत प्रत्येक घटना नियोजित, अंदाजित की प्रत्यक्ष हे वेगळे नोंदवले जाते. हा भेद साध्या एक्सेल तक्त्यातही पाळता येतो आणि ‘बोट लागली’ व ‘बोट लागणार’ यांतला रोजचा गोंधळ त्याने मिटतो.

विकत न घेताही बरीच माहिती मिळते. २०१६ मध्ये न्हावा शेवा येथून सुरू झालेल्या लॉजिस्टिक्स डेटा बँकेत कंटेनरवरील आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या) टॅगमुळे तो कोणत्या गेटवरून वा टोलनाक्यावरून केव्हा गेला ते क्रमांक टाकून पाहता येते. मात्र त्यात तापमान नसते. जहाजाचे स्थान एआयएस या जहाजांच्या स्वयंचलित ओळख-यंत्रणेतून कळते, परंतु त्यातली पोहोचण्याची वेळ जहाजावरील माणसाने हाताने भरलेली असते आणि अनेकदा शिळी असते. आयातदाराला शीतगृहातील जागा राखायची असेल, तर ती वेळ लाइनकडूनच घ्यावी.

कोणाला काय दाखवायचे हे लेखी ठरवावे. ट्रान्सपोर्टरला गेट-इनपर्यंतचे, म्हणजे कंटेनर बंदराच्या गेटातून आत जाईपर्यंतचे, स्थान आणि जेनसेटची स्थिती पुरेशी आहे. आयातदाराला संपूर्ण तापमान नोंद द्यावी, त्यात आपली चूक दिसत असली तरीही. दर आणि इतर ग्राहकांची नावे त्या तक्त्यात येऊच देऊ नयेत. मेर्स्क ही शिपिंग लाइन आणि आयबीएम यांचे ट्रेडलेन्स हे माहिती देवाणघेवाणीचे मोठे व्यासपीठ २०१८ मध्ये सुरू झाले आणि उद्योगाचे पुरेसे सहकार्य मिळाले नाही म्हणून २०२३ मध्ये बंद पडले. तंत्र तयार होते, पण एका स्पर्धकाच्या छपराखाली आपली माहिती ठेवायला बाकीचे बिचकत होते, असे मला वाटते. लहान व्यवहारातही ही भीती खरी असते.

कंटेनर उघडताना आयातदाराच्या माणसाने सीलचा फोटो घ्यावा, लॉगर पेटीतून काढून त्याच दिवशी फाइल उतरवावी आणि मूळ फाइल न बदलता पाठवावी. सागरी मालवाहतुकीच्या हेग-विस्बी या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत द्यायची असते आणि दाव्यासाठी एक वर्षाची मुदत असते. लाइनकडून रीफर यंत्राची स्वतःची नोंदही त्याच ईमेलमध्ये मागून घ्यावी, कारण रिकामा कंटेनर पुढच्या फेरीला निघून गेला की ती मिळवताना फार पत्रव्यवहार करावा लागतो.