पिटुनिया लावताना या चुका टाळा

इंदुरात दिवाळीच्या सुमारास आणलेली पिटुनियाची रोपे होळीपर्यंत सहज फुलतात, तरी अनेक गच्च्यांवर ती जानेवारीतच बोडकी दिसतात. यातल्या बऱ्याच चुका या फुलाचे कूळ ओळखले की टळतात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जुस्स्यू यांनी १८०३ मध्ये हे नाव ठेवले ते ‘पेतुन’ या शब्दावरून. तंबाखूला असलेला हा शब्द फ्रेंचांनी ब्राझीलच्या तुपी भाषेतून घेतला होता. पिटुनिया तंबाखू, टोमॅटो आणि वांग्याची भाऊबंद आहे.

म्हणूनच तंबाखू मळलेल्या हातांनी रोप हाताळू नये. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू सुक्या पानांतही टिकतो आणि बोटांवाटे रोपात शिरतो. मग पाने पिवळट-हिरवी, चट्टेदार होऊन आक्रसतात. त्यावर औषध नाही. आधी साबणाने हात धुवावेत, आणि ज्या कुंडीत टोमॅटो नुकताच होऊन गेला तिची माती पिटुनियाला वापरू नये.

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे नुसत्या तिच्यात लावलेल्या रोपाची मुळे कुजतात. तिच्यात तितकीच जाड वाळू आणि तितकेच गांडूळखत मिसळावे. ही माती बहुधा विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असते, त्यामुळे कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर ती लोहाची कमतरता समजावी. अशा वेळी युरिया घालणे व्यर्थ आहे, चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह द्यावे.

बी घरी पेरणाऱ्यांनी ते मातीखाली पुरू नये. मी पहिल्या वर्षी बोटभर माती ओढली आणि एकही अंकुर दिसला नाही. ग्रॅमला सुमारे १०,००० भरणाऱ्या या धुळीसारख्या बियांना उगवायला उजेड लागतो.

सर्वांत जास्त नुकसान मात्र सुकलेले फूल खुडताना होते. नुसती पाकळी ओढली की ती चटकन हातात येते, पण देठाशी हिरवा बीजकोष तसाच राहतो आणि झाडाची शक्ती बी भरण्यात जाते. अंगठा आणि तर्जनीने देठासकट खुडावे. बोटे चिकट होतात, ते या झाडाच्या केसाळ अंगाचेच लक्षण आहे.

कळ्यांना गोल भोके आणि पानांवर काळ्या लेंड्या दिसल्या, तर हरभऱ्यावर पडणारी घाटेअळी आली असे समजावे. ती संध्याकाळी बाहेर येते, तेव्हा बॅटरी घेऊन वेचावी.