मे महिना पार पडला की मग प्रवाळ

रिफ टँक, म्हणजे घरी खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ वाढवायची काचेची टाकी, लावायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला मोठा खर्च लाईटवर होतो. निळ्या उजेडात डोलणारे प्रवाळ पाहूनच माणूस या छंदात शिरतो, त्यामुळे ते साहजिक आहे. तरी माझं कळकळीचं सांगणं आहे की लाईट शेवटी घ्या आणि प्रवाळ त्याच्याही नंतर. पुण्यात किंवा त्याहून कोरड्या, तापणाऱ्या गावात राहत असाल, तर टँक फेब्रुवारीत लावा, एप्रिल-मे प्रवाळाशिवाय काढा आणि पाऊस स्थिरावल्यावर प्रवाळाचा पहिला तुकडा आणा. मे महिन्यात नुसत्या पाण्याचं तापमान सांभाळता आलं नाही, तर त्यात जीव सोडू नका.

यादीत सगळ्यात वर मात्र कायदा हवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रिफ बांधणारे सगळे खडे प्रवाळ आहेत. शिवाय काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखेही. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. परदेशी व्हिडिओंत दिसणारे अ‍ॅक्रोपोरा, मोन्टिपोरा, हॅमर, टॉर्च हे सगळे खडे प्रवाळच, म्हणून आपल्या यादीतून बाद. त्यांच्या सांगाड्यालाही संरक्षण आहे, त्यामुळे समुद्रातून काढलेला ‘लाईव्ह रॉक’ (जिवाणू वसलेला प्रवाळाचा दगड) हीही नको. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा तयार दगड घ्या, टँकमधली घाण पचवणारे जिवाणू त्यावरही उत्तम बसतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली जे प्रवाळ दिसतात ते तिथेच पाहायचे. किनाऱ्यावर पडलेला पांढरा तुकडासुद्धा खिशात घालू नका. घरी वाढवायला उरतात ते मऊ प्रकार: लेदर, मशरूम, झोआ, झेनिया. घेताना पावती मागा, तुकडा कुठे वाढवला ते विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर परत फिरा.

आता पाणी. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरू नका. घरगुती आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात, त्यामुळे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर पन्नास-शंभरच्या घरात आकडा दाखवतो. टँकला शून्य हवा. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचा) वेगळा डबा लावावा लागतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तो डबा लवकर संपतो, म्हणून सुटं रेझिन घरात असू द्या. पितळी नळ, तांब्याची नळी वाटेत कुठेही नको. आपल्याला तांब्याचं पाणी चांगलं असेल, पण प्रवाळाला आणि कोळंबीला त्याचा अंशही मारतो.

रिफ टँकचं मीठ रात्रभर पंप लावून विरघळू द्या आणि सकाळी क्षारता मोजा: ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे २५ अंशांना साधारण १.०२६ घनता. काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर नको, प्रकाशाच्या वळण्यावरून क्षारता दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या जागी चुकू शकतो.

उन्हाळ्याची खरी परीक्षा बाष्पीभवनाची. २०० लिटरच्या टँकमध्ये सुमारे सात किलो मीठ असतं. पंखा लावून रोज चार लिटर पाणी उडालं, तर पाच दिवसांत तेच सात किलो १८० लिटरांत उरतं आणि क्षारता ३९ च्या आसपास जाते. मीठ उडत नाही, म्हणून भर कायम गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याची घालायची. हाताने रोज घालू असं ठरवतो आणि लग्नसराईत दोन दिवस गावाला गेलं की राहून जातं. फ्लोट सेन्सरचा ऑटो टॉप-अप, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारी सोय, आधीच बसवा.

तापमान २५ ते २७ अंश. पुण्याच्या कोरड्या मे महिन्यात पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत हा उपाय जवळजवळ निकामी होतो, तिथे चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पैसे सुरुवातीपासून बाजूला ठेवा. डिसेंबरच्या पहाटे उलट प्रश्न येतो, तेव्हा हीटर लागतो, तोही वेगळ्या कंट्रोलरवर, कारण हीटरचा आतला थर्मोस्टॅट अडकला तर टँक शिजतो. इतकं जपायचं कारण साधं आहे. समुद्रातही नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखादा अंश काही आठवडे जास्त राहिला, तर प्रवाळ पांढरे पडतात. १९९८ मध्ये लक्षद्वीपला हेच झालं, आणि २०१० व २०१६ मध्ये पुन्हा.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, वळवाच्या पावसात तर कधीही जाते. तेव्हा पहिल्यांदा कमी पडतो तो ऑक्सिजन. त्यामुळे इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) घ्या, लाईट नको. बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंपही चार्ज करून ठेवा. एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून चार तास टँकसमोर बसा, काय राहिलंय ते कळेल.

जिवाणू बसायला महिना-दीड महिना जातो. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येतात, मग काचेवर तपकिरी शेवाळ धरतं. ते आपोआप ओसरतं, औषध ओतू नका.

टेस्ट किटमध्ये आधी अल्कलिनिटीचा (पाण्याची आम्ल झेलायची ताकद मोजणारा) घ्या. तिच्या मापात, म्हणजे डीकेएचमध्ये, ८ ते ९ पुरे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो आकडा आठवडाभर हलता कामा नये. कॅल्शियम ४२० पीपीएम (दहा लाखांत ४२० भाग) आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास असू द्या. मऊ प्रवाळ सांगाडा बांधत नाहीत, फार तर अंगात चुन्याचे बारीक कण धरतात, म्हणून आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तरी हे भरून निघतं. ही द्रव्यं थेंबाथेंबाने सोडणाऱ्या डोसिंग पंपाची घाई नको. नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएममध्ये ठेवा, अगदी शून्य करू नका. शून्यावर मशरूम आणि झोआ उपाशी आक्रसतात. एसी लावून खोली दिवसभर बंद असेल, तर कार्बन डायऑक्साइड साठून पीएच ७.८ पर्यंत उतरतो. बाटलीतलं काही ओतण्याआधी खिडकी उघडून पाहा. लेदर ठेवणार असाल तर संपमध्ये (गाळणीच्या वेगळ्या टाकीत) अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी हवी, कारण लेदर शेजारच्या प्रवाळांना त्रास देणारी रसायनं पाण्यात सोडतो.

आणि आता लाईट. प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, ते प्रकाशावर साखर करतं आणि बरीचशी यजमानाला देतं. समुद्रात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो आणि खाली निळा उरतो. हे शैवाल त्याच निळ्यावर चांगलं काम करतं, म्हणून दिव्यात निळा जास्त. उजेड मोबाईलच्या लक्स अ‍ॅपवर मोजू नका. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने चालतं आणि निळा कमी दाखवतं. शैवालाला वापरता येणारा प्रकाश मोजणारा पीएआर मीटर महाग असतो, पण एका दुपारपुरता कुणाकडून तरी मागून आणता येतो. काचेच्या तळाशी, मध्यावर, दोन्ही कोपऱ्यांत मोजून आकडे कागदावर लिहा. मशरूमला ५० च्या आसपास, झोआ आणि लेदरला ८० ते १५० पुरतात. अ‍ॅक्रोपोरासाठी लिहिलेले ३०० चे आकडे वाचून दिवा वाढवला की मऊ प्रवाळ आठवड्यात फिके पडतात. माझे पहिले मशरूम मी असेच घालवले. आकसले, म्हणून उजेड कमी पडतोय असं वाटलं आणि मी तो आणखी वाढवला. झोआ उंच मान काढू लागले तर उजेड कमी, मशरूम कडा दुमडून चिकटून बसला तर जास्त. लेदर मात्र मधूनच मेणचट कात टाकायला काही दिवस मिटून बसतो, तेव्हा कशालाच हात लावू नका.

तुकडा आणायच्या आदल्या दिवशी दिवा पस्तीस-चाळीस टक्क्यांवर आणा, टायमर आठ तासांचा लावा. हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल टँकशेजारी काढून ठेवा. काही झोआंत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, त्यामुळे झोआ बसलेला दगड ब्रशने घासायचा नाही आणि त्यावर उकळतं पाणी कधीही ओतायचं नाही. लहान मुलांना दोन दिवस तिकडे फिरकू देऊ नका. तुकडा पहिल्यांदा तळाशी, कोपऱ्यात ठेवा, आठवड्याने थोडा वर. दिवा तीन-चार आठवड्यांत हळूहळू चढवा, आणि जो आठवडा प्रवाळ मिटलेला दिसेल त्या आठवड्यात दिव्याच्या टक्केवारीला हात न लावता आधी क्षारता मोजा.