मिनिट रिपीटर घालून कोकणात येताय? या चुका टाळा

गेल्या गणपतीत आत्याकडे मालवणला सगळे जमलेलो, आणि दुबईत धंदा करणारा आमचा आतेभाऊ हातात मिनिट रिपीटर घड्याळ घालून आलेला. स्केलेटन, म्हणजे डायल जवळजवळ नाहीच, आतली चाकं, स्प्रिंगा, दोन बारक्या हातोड्या सगळं उघडं. डाव्या कडेची पट्टी सरकवली की घड्याळ वेळ वाजवून दाखवतं, जाड आवाजात तास, मग टिंग-टँग अशा जोडीने पाव तास, मग बारीक आवाजात उरलेली मिनिटं. आत्याच्या सासूबाई म्हणाल्या, "रे, ह्यां काय वाजतां?" आणि झालं, प्रत्येकाला ऐकायचं होतं. कोणीतरी विचारलं की सगळ्यात जास्त ठोके कधी पडतात, तर १२:५९ ला, तासांचे १२, पाव तासाच्या ३ जोड्या म्हणजे ६, वर १४ मिनिटं, एकूण ३२. तर हा पठ्ठ्या आधीचं वाजणं संपायच्या आत चावी ओढून काटे फिरवायला लागला. कट्ट. गप्पच झालं.

ही पहिली चूक आणि सगळ्यात महागातली. घड्याळ वाजत असतं तेव्हा आत शंखासारख्या पायऱ्या असलेल्या चकत्यांवर छोटे दांडे टेकून "किती वाजले" ते चाचपत असतात, आणि त्या चकत्या काट्यांशीच जोडलेल्या असतात. त्या वेळी काटे हलवले की दांड्याचं टोक नाहीतर चाकाचा दाता तुटायची भीती. काही नव्या घड्याळांत वाजताना चावी लॉक होते, पण तुमच्यात तशी सोय आहे की नाही हे करून बघायचं नसतं. वाजू दे, संपू दे, दोन सेकंद थांबा, मग काय ते करा.

पट्टी अर्धवट सरकवणं ही दुसरी. रिपीटरची स्प्रिंग वेगळी असते आणि ती पट्टी सरकवण्यानेच भरते. चांगल्या घड्याळात अशी सोय असते की पट्टी पूर्ण गेली तरच वाजेल नाहीतर अजिबात नाही, म्हणून "कधी वाजतं कधी वाजत नाही" अशी तक्रार असेल तर आधी आपला अंगठा तपासा. एका दमात शेवटपर्यंत, आणि सोडल्यावर परत लगेच दाबायचं नाही. पूर्ण सरकवूनही ठोके कमी पडतायत किंवा मिनिटं चुकतायत तर मात्र वापर बंद, सरळ सर्व्हिसला.

आवाज कमी येतो म्हणून घाबरणारेही खूप. मनगटावर असताना आवाज दबतोच, कातडी आणि मांस तो पिऊन टाकतं. काढून लाकडावर ठेवा. आत्याकडे फणसाचा जुना पाट आहे, त्यावर ठेवलं तर मनगटावरच्यापेक्षा दुप्पट आवाज आला (फणसाच्याच लाकडाची तंजावरची वीणा करतात, उगाच नाही). वाजताना मागून बारीक सर्रर्र येतं तेही बिघाड नाही, ठोक्यांचा वेग आवरणारं चाक फिरत असतं. पण ठोक्यानंतर झणझण ऐकू आली तर सावध व्हा. पूर्वी अशा घड्याळांत घंटी असायची, १७८३ च्या सुमारास पॅरिसच्या ब्रेगे नावाच्या घड्याळजीने तिच्या जागी पोलादी तार आणली, आजही बहुतेक तीच असते, एका टोकाला धरलेली आणि बाकी अधांतरी. घड्याळ आपटलं की ती जराशी वाकते आणि घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला घासते. म्हणून आमच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर बाईक चालवताना हे घड्याळ खिशातही नको, घरी ठेवा.

आता मुख्य दुखणं, दमट हवा. रिपीटरला कडेला पट्टीची फट असते, त्यामुळे बरीचशी पाण्याला टिकणारी नसतातच, धूळ आणि जरा दमटपणा एवढंच झेपतं. समुद्रात जाणं सोडा, हात धुतानाही काढा. जुलैत स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटलेलं दिसलं की समजायचं, तीच हवा घड्याळात शिरतेय. एसी गाडीतून जेटीवर उतरलात आणि काच धुरकटली तर बोटाने पुसून बघा, पुसली गेली तर बाहेरचं दव, काळजी नाही. नाही पुसली तर आतलं, आणि स्केलेटनमध्ये ते पोलादी स्क्रूंवर बसून गंज धरतं. दिवस घालवू नका.

आणि इथे घरगुती उपाय! आतेभावाचं घड्याळ गप्प झालं म्हणून दुसऱ्या आत्याने ते तांदळाच्या डब्यात पुरलं. मोबाईलला करतात तसं. अहो, ते ओलं नव्हतंच, आणि असतं तरी तांदळाचं पीठ त्या फटीतून आत जातं. उन्हात ठेवणं, हेअर ड्रायर, खोबरेल तेलाचा थेंब, सगळं तसलंच. ठेवायचंच तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, रंग बदलला की पुड्या बदलून. लोखंडी कपाटात डांबरगोळ्यांशेजारी नको, चामड्याच्या पट्ट्याला वास लागतो आणि बुरशी धरायची ती धरतेच.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर बहुतेक लोहचुंबक लागलंय, मोबाईलचं चुंबकाचं कव्हर, स्पीकर, पर्सचं बटण. खेळण्यातलं होकायंत्र जवळ न्या, सुई जोरात वळली तर तेच. चुंबकत्व काढायचं काम पाच मिनिटांचं असतं, त्यासाठी घड्याळ उघडावंही लागत नाही. तारखेचं बटण असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ मध्ये दाबू नका, आत तारीख बदलायची तयारी चालू असते.

बाजारपेठेत "बघतो की उघडून" म्हणणारा कारागीर कितीही ओळखीचा असला तरी नको. बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांत त्याचा हात बसलेला असेल, पण या तारा कानाने ऐकून कानशीने घासून सुरात आणलेल्या असतात, नुसत्या बोटाच्या घामानेही डाग पडतात. आणि सर्व्हिसला पाठवायच्या आधी शांतपणे १२:५९ लावून मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, वाजत असेल तर अर्थात. परत आल्यावर ताडून बघता येतं.

आतेभावाकडे जुना व्हिडिओ निघाला म्हणून वाचला. घड्याळ कित्येक महिन्यांनी परत आलं, परवा लाईट गेलेली असताना त्याने त्याच पाटावर ठेवून वाजवलं आणि आम्ही अंधारात बोटांवर मोजले, ३२ भरले.