उन्हाळी सुट्टीतले पहिले काम कसे मिळवावे

शाळकरी वयाच्या मुलाला किंवा मुलीला कामावर घेताना मालकाला अनुभवाची फारशी अपेक्षा नसते. त्याची खरी धास्ती वेगळीच असते: आठवडाभर खपून काम शिकवावे आणि ऐन गर्दीच्या दिवसांत त्या मुलाने यायचेच बंद करावे. म्हणून शोधाची सुरुवात अर्ज लिहिण्यापासून न करता स्वतःच्या तारखांपासून करावी. परीक्षा कधी संपते, पुढच्या प्रवेशाची धावपळ कोणत्या दिवसांत आहे, घरच्यांसोबत कुठे जायचे ठरले आहे काय, हे सारे आधी कागदावर मांडावे. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आठवड्यातले पाच दिवस, सकाळी नऊ ते दुपारी दोन मी येऊ शकेन’ असे जो विद्यार्थी न अडखळता सांगतो, त्याचे पारडे उत्तम गुण मिळवलेल्या पण मोघम बोलणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा जड ठरते.

वयाचा नियम मात्र त्याआधी पाहावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ सालच्या १३८ क्रमांकाच्या करारात कामाचे किमान वय सर्वसाधारणपणे १५ वर्षे मानले आहे. आरोग्याला व शिक्षणाला बाध न आणणारे हलके काम १३ ते १५ या वयात करू देण्याची मुभा देशांना आहे, तर धोकादायक कामासाठी १८ वर्षांची अट आहे. विकसनशील देशांना यांपैकी पहिल्या दोन मर्यादा एकेक वर्षाने खाली आणण्याची सवलत आहे. प्रत्येक देशाचा कायदा यातून आपापली वाट काढतो, आणि रोजचे तास, रात्रीचे काम व पालकांची लेखी संमती यांबाबतचे नियम तिथेच सापडतात.

काम शोधताना मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दिवस घालवण्यापेक्षा ओळखीच्या वर्तुळातून सुरुवात करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण लहान दुकाने, रोपवाटिका, छपाईची दुकाने, वाचनालये, क्रीडाशिबिरे आणि लहान मुलांच्या शिकवण्या अशा ठिकाणच्या हंगामी जागांची जाहिरात बहुधा निघतच नाही. कुणाला तरी विचारले जाते आणि जागा भरते. तेव्हा नातेवाईक, शेजारी, शिक्षक यांना ‘काही काम असेल तर सांगा’ असे न म्हणता कोणत्या प्रकारचे काम हवे आहे आणि कधीपासून, हे नेमके सांगावे. सुट्टी लागण्याच्या दीड-दोन महिने आधी हे केलेले बरे. प्रत्यक्ष विचारायला जायचे असेल तर गर्दी नसलेली वेळ निवडावी, शक्यतो एकटेच जावे (सोबत मित्रांचा घोळका असला की मालक आधी घोळका पाहतो) आणि नाव, इयत्ता, येण्याच्या तारखा व फोन क्रमांक लिहिलेला एक पानाचा कागद ठेवून यावे. त्या कागदात शाळेच्या कार्यक्रमाचा हिशेब सांभाळला, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेतला, अशा गोष्टी अवश्य लिहाव्यात; पदरी विश्वासाचे काम असल्याचा तो पुरावाच असतो. आठवडाभरात उत्तर आले नाही तर एकदा पुन्हा विचारावे, त्याहून अधिक पिच्छा पुरवू नये.

होकार मिळाला की हुरळून न जाता मोबदला तासावर, दिवसावर की विक्रीवर, तो कोणत्या दिवशी हाती पडणार आणि शिकण्याचे पहिले दिवस त्यात धरले जाणार काय, हे विचारून घ्यावे. संकोच वाटत असेल तर ठरलेल्या गोष्टी संदेशात लिहून ‘मी बरोबर समजलो ना?’ एवढेच विचारावे. लेखी नोंद आपोआप तयार होते.

नोंदणी, गणवेश किंवा प्रशिक्षण अशा नावाखाली काम देण्याआधीच पैसे मागितले, तर तिथून परत फिरावे. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवू नये आणि ओटीपी कुणालाही सांगू नये. ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेवून बाकीचे पुढे पाठव’ हे काम तर कितीही सोपे भासले तरी फसवणुकीचा पैसा फिरवण्याचा तो ठरलेला मार्ग आहे, आणि चौकशी सुरू झाल्यावर पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. कामाचा पत्ता, मालकाचे नाव आणि घरी परतण्याची वेळ पालकांना पहिल्याच दिवशी लिहून द्यावी.