ट्रॅक्टर रोखीनं घ्यावा की डीलरच्या फायनान्सवर? सही करण्याआधी हा हिशेब मांडा

स्वतःचे तीन आणि भावकी-सोयऱ्यांचे मिळून पंधराएक ट्रॅक्टर घेताना मी शोरूममध्ये बसलो आहे. आमच्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळ असो, पंढरपूर असो की सांगोला, सल्ला एकच ऐकू येतो: "पैसा अडकवू नका, लोन करा, हप्ता किरकोळ बसतो." हा सल्ला ऐकून लोक फसतात आणि मला त्याचा राग येतो. हप्ता किरकोळ आहे की नाही हे हप्त्याकडे बघून कळतच नाही.

कोणता ट्रॅक्टर, किती एचपीचा, हे तुमचं ठरलं आहे असं धरून पुढे जातो.

1. आधी भाव, मग पैशांचा विषय

सेल्समन पहिल्यांदा विचारतो, "रोख की फायनान्स?" उत्तर द्यायचं, "अजून ठरलं नाही." ट्रॅक्टर, नोंदणी, विमा आणि जोडसाहित्य यांचे आकडे वेगवेगळे लिहिलेलं कोटेशन घ्या. ट्रॅक्टरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झाला आहे, तो कोटेशनमध्ये बघा. फायनान्सच्या फाइलवर डीलरला कमिशन मिळतं. त्यामुळे रोख म्हटलं की सूट वाढेलच असं नाही, कधीकधी कमीही होते. म्हणून भाव आधी कागदावर आणायचा.

2. अनुदान

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करू नका.

3. फ्लॅट दर ओळखा

माझं नुकसान इथंच झालं, म्हणून इथं जरा थांबून सांगतो.

पहिल्या ट्रॅक्टरला मला दोन पर्याय होते. बँक साडेदहा टक्के म्हणत होती, शोरूममधला फायनान्सवाला नऊ टक्के. नऊ कमी म्हणून मी तिथंच सही केली. सहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं, सहामाही दहा हप्ते. त्यानं हिशेब असा केला: सहा लाखांवर वर्षाला 54 हजार, पाच वर्षांचं व्याज 2 लाख 70 हजार. एकूण 8 लाख 70 हजार, म्हणजे हप्ता 87 हजार.

चूक कुठं आहे ते बघा. दर हप्त्यात 60 हजार मुद्दल फिटत होतं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण सहा लाखांवर लागत होतं. शेवटच्या सहामाहीत माझ्याकडे फक्त 60 हजार मुद्दल उरलं होतं आणि त्यावर मी 27 हजार व्याज भरलं. याला फ्लॅट दर म्हणतात. बँकेचा दर घटत्या शिलकीवर असतो, जेवढं मुद्दल उरलं तेवढ्यावरच व्याज. त्या साडेदहा टक्क्यांनी हप्ता सुमारे 78,650 बसला असता आणि एकूण परतफेड 7 लाख 86 हजारांच्या आसपास. "स्वस्त" नऊ टक्क्यांनी मला जवळजवळ 83 हजार रुपये जास्त घेतले. घटत्या शिलकीच्या हिशेबानं ते नऊ टक्के खरे तर पावणेपंधराच्या आसपास पडतात.

आणखी एक धक्का तिसऱ्या वर्षी बसला. पाच हप्ते भरून झाले होते, उसाचं बिल बरं आलं होतं, म्हणून कर्ज मिटवायला गेलो. निम्मं फिटलं, तीन लाख उरले असतील असं मी धरून चाललो होतो. त्यांनी साडेतीन लाखांवर बाकी दाखवली, वर मुदतपूर्व फेडीचं शुल्क वेगळं. म्हणजे कंपनीचं स्वतःचं खातं घटत्या शिलकीवर, खऱ्या जास्त दरानंच चाललेलं होतं. नऊ टक्के फक्त मला सांगण्यापुरते होते.

त्यामुळे टक्क्यांवर वाद घालू नका, तीन आकडे विचारा: माझ्या हातात किती येणार, एकूण किती हप्ते, एक हप्ता किती. फाइल चार्ज, कर्जाचा विमा आणि आगाऊ घेतलेला पहिला हप्ता हातात येणाऱ्या रकमेतून वजा करा. मोबाइलवरच्या एक्सेलमधल्या रेट (RATE) सूत्रात हप्त्यांची संख्या (पहिला हप्ता आगाऊ गेला असेल तर एक कमी), उणे चिन्ह लावून हप्ता आणि ही रक्कम टाका. सहामाही हप्ता असेल तर येणाऱ्या उत्तराची दुप्पट करा, तो तुमचा वार्षिक दर. मुलाला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

शिवाय 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असं कर्ज देणाऱ्या बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं तुम्हाला समजेल त्या भाषेत मुख्य तथ्य विवरण द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद मराठीत मागा. "नंतर देतो" म्हणाले तर सही करू नका, उठून या.

4. शून्य टक्के व्याज

एकच प्रश्न विचारा: "हेच रोखीनं घेतलं तर किती कमी कराल?" उत्तर 30 हजार आलं, तर ते 30 हजार हेच तुमचं व्याज.

5. मग रोख किती द्यायचं?

ठेवीत पैसे असतील तर ते मोडा. ठेवीवर सात टक्क्यांच्या आसपास मिळवायचं आणि कर्जावर चौदा-पंधरा भरायचं, यात शहाणपण नाही. पण एका हंगामाचा खर्च, म्हणजे बेणं, खत, मजुरी आणि घरखर्च, बाजूला राहिलाच पाहिजे. सगळे पैसे शोरूमला देऊन जूनमध्ये सावकाराच्या दारात गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं व्याज फायनान्सपेक्षा कितीतरी जास्त गेलं. पीककर्ज ट्रॅक्टरमध्ये घालायचं तर अजिबात नाही. ते वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत शून्य टक्क्यानं पडतं, ती सवलत हातची घालवू नका.

उरलेल्या रकमेपुरतं कर्ज काढा, आधी बँकेत विचारा. बँक सातबाऱ्यावर बोजा चढवेल, त्याची तयारी ठेवा. हप्त्याची तारीख आपल्या पैशाला जुळवून घ्या. उसाचं बिल कायद्यानं 14 दिवसांत यायला हवं, पण ते लांबतं हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. कारखाना बंद झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी हप्ता ठेवा. कांदेवाल्यांनी मार्केट यार्डातली पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, कधी हातात पडते ते बघून ठरवावं.

6. पैसे देताना

"रोख" म्हणजे नोटा नव्हेत. डीलरला 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांमध्ये घेताच येत नाही. आरटीजीएस करा, तेही डीलरशिपच्या खात्यावर, सेल्समनच्या नाही. कोऱ्या चेकवर सही नको; चेक वटला नाही तर कोर्टात तुम्हाला उभं राहावं लागतं.

7. कर्ज फिटल्यावर

कर्ज देणाऱ्याकडून एनओसी (ना-हरकत दाखला) आणि फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा अर्ज) घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवा. गाडी एमएच 13 असेल तर सोलापूर, एमएच 45 असेल तर अकलूज. पूर्ण फेड झाली की कागद द्यायला आणि बोजा काढायला त्यांना उशीर लावू देऊ नका. फेडीची पावती त्यासाठी जपून ठेवा.