यार्डचं सॉफ्टवेअर आहे, तरी गेटवर रांग का? या चुका टाळा

चाकण-तळेगाव रस्त्याने रात्री कधी गेलात तर गोदामांच्या गेटबाहेर गाड्यांची रांग दिसेल. यातल्या बऱ्याच गोदामांत आता यार्डचं, म्हणजे आवारात गाड्या उभ्या राहतात त्या जागेचं, सॉफ्टवेअर आहे. गाडी किती वाजता आली, यार्डात कुठे उभी आहे, कोणत्या डॉकला (माल चढवा-उतरवायच्या फलाटाला) लागायची आहे, सगळं स्क्रीनवर दिसतं. तरीही रांग हटत नाही, आणि सकाळी सात वाजता सुपरवायझर फोनवर विचारत असतो, "सिस्टीम म्हणतेय बारा नंबरला गाडी आहे. इथे तर जागा मोकळी आहे. गाडी गेली कुठे?"

चाकण, रांजणगाव आणि वाघोली-लोणीकंद पट्ट्यातल्या यार्डांत मी ही सिस्टीम बसवून द्यायचं काम करतो. सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून रांग लागली, असं मी फार कमी वेळा पाहिलंय. बहुतेक वेळा त्याला खरी वेळ आणि खरी जागा कोणी सांगितलेलीच नसते.

आधी रजिस्टर, मग कॉम्प्युटर

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

पावसाळ्यातली रात्र, दोन वाजलेत. गेटवर एकच गार्ड. एका हातात टॉर्च, बगलेत छत्री. त्याला गाडीचा नंबर बघायचाय, बिल्टी (मालाची वाहतूक पावती) घ्यायचीय, सील तपासायचंय, गेट उघडायचंय, आणि मागची गाडी हॉर्न देतेय. तो काय करतो? रजिस्टरमध्ये एक ओळ खरडतो आणि गाडी आत सोडतो. मग शिफ्ट सुटायच्या आधी केबिनमध्ये बसून रात्रभराच्या गाड्या एकदम कॉम्प्युटरवर चढवतो. सिस्टीमच्या हिशेबाने रात्री एकही गाडी आली नाही आणि पहाटे पावणेसहा ते सहाच्या दरम्यान एकोणीस आल्या. पहिली आलेली गाडी चौथी लागते, चौथी पहिली, आणि ड्रायव्हर डॉकवर येऊन भांडतात.

तुमच्याकडे हे होतंय का, ते पाहणं सोपं आहे. महिन्याच्या गेट एन्ट्री काढा आणि तासाप्रमाणे मोजा. शिफ्ट बदलायच्या आधी एकदम ढीग दिसला की समजून जा.

इथे गार्डला झापून काही होत नाही. पहिल्या दोन यार्डांत मीच गेटच्या फॉर्मवर चौदा रकाने ठेवले होते, तेही इंग्रजीत. पावसात उभं राहून चौदा रकाने कोण भरेल? आता गेटवर मी तीनच गोष्टी ठेवतो: गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल, बिल्टीचा फोटो. स्क्रीन मराठीत, अक्षरं मोठी, टॅब हातात. माल, वजन, पार्टी, हे सगळं आत ऑफिसमधला माणूस फोटो बघून भरतो. ज्या दिवशी हा बदल केला, त्याच आठवड्यात सकाळचा ढीग मोडला.

आला कधी आणि आत घेतला कधी

गाडी गेटबाहेर पोहोचली ती एक वेळ. गेटातून आत आली ती दुसरी. बरीच गोदामं दुसरीच वेळ नोंदवतात, कारण ती दिसायला बरी दिसते. पण गाडी बाहेर पाच तास उभी असते तेव्हा ट्रान्सपोर्टर त्याच्या जीपीएसचा कागद पुढे करतो आणि हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबल्याचे पैसे, मागतो. तुमच्या रेकॉर्डवर फक्त दीड तास. मग मेलवर मेल, बिल अडकतं, आणि पुढच्या सीझनला तोच ट्रान्सपोर्टर तुम्हाला गाडी द्यायला कां-कू करतो.

दोन्ही वेळा ठेवा. गेटबाहेर क्यूआर कोड लावून ड्रायव्हरलाच नोंद करू द्या. एक गोष्ट मात्र नक्की करा: नोंद करताना मोबाइलचं लोकेशन तपासलं गेलं पाहिजे. नाहीतर कोडचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि ड्रायव्हर वडगावच्या ढाब्यावर जेवता जेवता आपला नंबर लावून टाकतो. जो खरोखर गेटवर येऊन उभा आहे, त्याच्यावर हा सरळ अन्याय आहे.

आपल्याकडे गाडीबरोबर माणूस असतो

यार्डची बरीच सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या पद्धतीवर बेतलेली आहेत. तिकडे ड्रायव्हर ट्रेलर यार्डात सोडतो आणि पुढचं हेड (इंजिन-केबिनचा भाग) घेऊन निघून जातो. मग यार्डातलाच एक माणूस छोट्या ट्रॅक्टरने ट्रेलर उचलून डॉकला लावतो. आपल्याकडे बहुतेक गाड्यांची बॉडी चेसिसवरच पक्की असते, चौदा फुटी असो नाहीतर बत्तीस फुटी. ट्रेलर असला तरी हेड सहसा जोडलेलंच राहतं. म्हणजे गाडी हलवायची तर तिचाच ड्रायव्हर लागतो, आणि तो केबिनमध्ये झोपलेला असतो, नाहीतर बाहेर टपरीवर चहाला गेलेला असतो.

त्यामुळे "डॉक ४ मोकळा" झाल्यापासून गाडी डॉकला लागेपर्यंतचा वेळ आपल्याकडे मुख्यतः ड्रायव्हरला शोधण्यात जातो. सिस्टीम मेसेज पाठवते, पण कुणाला? मी एकदा एका यार्डातले महिन्याभराचे नंबर तपासले. कितीतरी गाड्यांसमोर एकच मोबाइल नंबर. तो ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातल्या बुकिंग क्लार्कचा निघाला. रात्री तीनला डॉक मोकळा झाल्याचा मेसेज त्याच्या उशाशी वाजत होता आणि ड्रायव्हर शंभर फुटांवर झोपला होता.

ड्रायव्हरचा नंबर गेटवरच घ्या आणि तिथल्या तिथे एक मिस्ड कॉल द्या. बोलावणं लेखी मेसेजवर सोडू नका, आवाजी कॉल लावा, हिंदीतून. आणि ड्रायव्हरला बसायला पंखा, पाणी, संडास असलेली खोली द्या. ती असेल तर माणूस गेटबाहेर भटकत नाही. सॉफ्टवेअरच्या बजेटमध्ये ही खोली धरा असं मी प्रत्येकाला सांगतो. ज्यांनी धरली, त्यांच्याकडे ड्रायव्हर शोधायला माणूस पळवावा लागत नाही.

स्क्रीनवर गाडी, जागेवर काही नाही

बारा नंबरची ती गाडी कुठे गेली? बहुतेक वेळा ती माल उतरवून केव्हाच निघून गेलेली असते. आउट एन्ट्री झालेली नसते, इतकंच. रिकामी गाडी मागच्या गेटाने सोडतात आणि तिथे टॅबच नसतो. गेटपासवरचा कोड स्कॅन केल्याशिवाय कुठलंही गेट उघडायचं नाही, असा नियम केला की हे थांबतं.

दुसरं कारण जागांचे नंबर. डांबरावर पांढऱ्या रंगाने काढलेला नंबर गाडी उभी राहिली की तिच्याखाली जातो आणि पहिल्या पावसातल्या चिखलात उरलासुरलाही जातो. नंबर भिंतीवर किंवा खांबावर, केबिनमधून दिसेल इतक्या उंचीवर लावा.

गाडीचा नंबर पुरेसा नाही

चाकणच्या वाहन उद्योगात सुटे भाग आणणारी एकच गाडी दिवसातून तीन-चार फेऱ्या मारते. सिस्टीम फक्त गाडीच्या नंबरवर चालत असेल तर दुसरी फेरी पहिलीवर चढते. प्रत्येक फेरीला वेगळा गेटपास नंबर हवा.

कंटेनरच्या बाबतीत अजून एक. फास्टॅग पुढच्या काचेवर असतो, त्यामुळे तो फक्त हेड ओळखतो. मागे कोणता कंटेनर आहे ते त्याला कळत नाही. कंटेनर नंबर वेगळा घ्या. त्यात चार अक्षरं आणि सात अंक असतात, आणि शेवटचा अंक आधीच्या दहा अक्षर-अंकांवरून हिशेबाने काढलेला असतो. एखादा आकडा चुकला तर हा अंक सहसा जुळत नाही. म्हणजे टायपिंगची चूक सिस्टीम जागेवर पकडू शकते, फक्त ती तपासणी चालू केलेली हवी. बऱ्याच ठिकाणी ती बंदच असते. पुरवठादाराला विचारा.

कॅमेऱ्याने नंबर वाचायचा असेल तर १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांवर कंपनीतूनच एकसारखी हाय सिक्युरिटी प्लेट येते, ती नीट वाचली जाते. जुन्या गाड्यांच्या नक्षीदार आकड्यांवर मात्र गार्डची नजर लागतेच.

सगळ्यांना एक तास

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्लॉट, म्हणजे गाडीला डॉकवर दिलेला वेळ, एक तासाचा ठेवलेला असतो आणि कोणी तो बदलत नाही. पॅलेटवरचा (सपाट तळावर रचलेला) माल फोर्कलिफ्टने झटपट उतरतो. तेवढेच खोके बत्तीस फुटीत सुटे भरलेले असतील तर माथाडी कामगारांना तीन-चार तास लागतात. स्लॉटची लांबी गाडीच्या आकारावर आणि माल कसा भरलाय त्यावर ठरवा, तुमच्याच मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी बघून. शहरात अवजड वाहनांना ज्या तासांत बंदी असते, ते तासही कॅलेंडरमध्ये टाका. आषाढी वारीला आळंदीहून पालखी निघते तेव्हा त्या बाजूचे रस्ते वळवले जातात. तारखा आधीच कळतात, तरी दरवर्षी त्या दिवसाचे सकाळचे स्लॉट भरलेले बघून वाईट वाटतं.

ई-वे बिल आणि वीज

बाहेर जाणाऱ्या गाडीचं ई-वे बिल (जीएसटीखाली माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) लोडिंग सुरू व्हायच्या आधीच काढून ठेवतात. वाहनाचा नंबर भरला की मुदत सुरू होते, आणि १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एकच दिवस मिळतो. गाडी यार्डातच अडकली तर मुदत वाटेतच संपते आणि रस्त्यावर ड्रायव्हर अडचणीत येतो. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. यार्डच्या स्क्रीनवर बिल संपायची वेळ दाखवणारा रकाना ठेवा, आणि बिल सील लागल्यावरच काढा.

गुरुवारी औद्योगिक भागात महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवतं. ऑफिसला जनरेटर असतो, गेटच्या केबिनला नसतो. राउटर बंद पडतो आणि सगळे परत रजिस्टरवर. एक छोटा इन्व्हर्टर लावा, आणि नेट नसतानाही नोंद घेऊन नंतर चढवणारं ॲप मागून घ्या. त्यात वेळ टॅबवरची पडली पाहिजे, चढवल्याची नव्हे.

एवढं करूनही नोंदी आणि जागा यांत फरक पडतोच. म्हणून आमच्या यार्डांत रोज सकाळी सातला एक माणूस टॅब घेऊन पूर्ण यार्ड पायी फिरतो आणि प्रत्येक जागेसमोर गाडी आहे की नाही ते टिपतो. चाळीस जागांना वीस मिनिटं लागतात. गुरुवारच्या वीजबंदीनंतर, शुक्रवारी सकाळी ही फेरी पहिल्यांदा करून बघा. सर्वात जास्त चुका त्याच दिवशी सापडतात.